आत्याच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पडदा

आत्याला समोरच्याचा चेहरा मधोमध पुसट दिसायला लागला तेव्हा घरात सगळ्यांनी मोतीबिंदूच धरला. वय 71, त्यात साखर. साताऱ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, ओसीटी (डोळ्याच्या पडद्याच्या थरांचा फोटो) काढून सांगितलं, मोतीबिंदू किरकोळ आहे. दुखणं पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलात. पडद्याखाली पिवळसर ठिपके साठलेत. वयोमानाने होणारा आजार, सध्या कोरडा. ओला झाला, म्हणजे नको तिथे रक्तवाहिन्या उगवून पाझरायला लागल्या, तर डोळ्यात इंजेक्शनं.

दातांकडे गेलो ते वेगळ्याच कारणाने. चूळ भरली की रक्त यायचं. डेंटिस्ट बाईंनी खुणांची बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून खोली मोजली. निरोगी हिरडीत ती 3 मिलिमीटरपर्यंत जाते. आत्याच्या दाढांपाशी 6 भरली.

"आजी, मिशरी लावता का?"

"छे गं, नुसती दात घासायला."

फाईलमधले डोळ्यांचे कागद बघून बाईच म्हणाल्या, या दोन आजारांचा संबंध असावा असा संशय आहे. मग मी वाचत बसलो. हिरड्या पोखरणारा पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू प्रयोगशाळेत पडद्याच्या पेशींमध्ये शिरताना दिसलाय. हिरड्यांची सततची सूज रक्तावाटे अंगभर दाह वाढवते, हाही एक तर्क. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीच्या नोंदींवर 2015 मध्ये एक अभ्यास आला. त्यात हिरड्यांच्या रोग्यांमध्ये मॅक्युलाचा आजार जास्त आढळला, पण साठ किंवा त्याखालच्या वयात. म्हणजे आमची आत्या त्या हिशेबात बसतच नाही!

शिवाय वय आणि धूम्रपान दोन्ही आजारांच्या मुळाशी आहेत. एका फाट्यावर दोन एसट्या पाठोपाठ आल्या म्हणून पहिलीने दुसरीला ओढून आणलं असं होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "हिरड्या नीट करा, साखरेसाठी तरी कराच. डोळा त्याने सुधारेल असं मी सांगणार नाही." मला हे उत्तर आवडलं. साखर आणि हिरड्या एकमेकांना बिघडवतात, हे मात्र पक्कं ठाऊक असलेलं आहे.

खरी लढाई आत्याशी. सफाई केली की दात सैल होतात, हे तिने शेजारणींकडून ऐकलेलं. बाईंनी एक्स-रे दाखवून समजावलं: हाड आधीच झिजलंय, कीटणाने फटी बुजल्या होत्या एवढंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ती मनाने बंद करू नका, आधी फिजिशियनला विचारते, म्हणाल्या. मग भूल देऊन एकेका बाजूची मुळापर्यंत सफाई. त्यानंतर काही दिवस गार पाण्याने कळ यायची, फटी उघड्या पडल्या म्हणून आत्या आरशासमोर कुरकुरायची. रक्त यायचं मात्र थांबलं. पुन्हा मोजलं तेव्हा सळई बऱ्याच ठिकाणी 4 वर अडली.

डोळ्यांसाठी ल्युटिन, झिंक वगैरेंच्या गोळ्या चालू आहेत. त्या गेलेली नजर परत आणत नाहीत, आजार पुढे सरकण्याचा धोका कमी करतात. फ्रिजवर चौकटींचा कागद चिकटवलाय. जवळचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून, मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आत्या ते काम इमानाने करते. मिशरी सुटलीय असंही सांगते, त्याबद्दल मी अजून खात्री देत नाही.