तुम्ही विचारलंत म्हणून : डेल मॉरिसच का?

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी घरांतून आता क्रिकेटच्या जोडीला फुटीही (ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल) पाहिली जाते. वेस्टर्न बुलडॉग्ज या संघातला माझा आवडता खेळाडू डेल मॉरिस आहे असे मी सांगितले, की मार्कस बॉन्टेम्पेलीसारखा मध्यफळीतला नामवंत खेळाडू असताना मॉरिसच का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

मॉरिस बचावपटू होता. या खेळात प्रत्येकाच्या किक आणि हँडबॉल (मुठीने मारून दिलेले पास) मोजल्या जातात, आणि त्यामुळे मैदानाच्या मध्यभागी वावरणाऱ्यांचे आकडे सहज फुगतात. पण समोरच्या संघाचा सर्वांत उंच आघाडीवीर चेंडू झेलण्यासाठी झेपावलेला असताना मागून मूठ मारून तो चेंडू उडवून लावणाऱ्याचे कौतुक कोण करणार? त्याचे काम नीट झाले, तर काहीच घडत नाही. मॉरिसची २००८ साली ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, निवड झाली होती, हे कट्टर चाहत्यांनाही आठवण करून द्यावे लागते.

त्याची वाटही आडवळणाचीच होती. मुख्य ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, त्याला कोणी घेतले नाही. वेरिबी या क्लबकडून खेळता खेळता तो रूकी (नवोदितांच्या) यादीतून बुलडॉग्जमध्ये आला आणि २००५ साली, बाविसाव्या वर्षी, पहिला सामना खेळला. २०११ साली त्याचा पाय मोडला, तरी तो परतला, आणि २०१९ मध्ये गुडघ्याने साथ सोडेपर्यंत त्याचे २५३ सामने झाले.

परंतु माझे खरे उत्तर १ ऑक्टोबर २०१६ च्या अंतिम सामन्यात आहे. बुलडॉग्जने १९५४ नंतर अजिंक्यपद मिळवलेले नव्हते, सिडनी स्वान्स शेवटच्या सत्रातही हाताच्या अंतरावर होते, आणि चेंडू त्यांच्या लान्स फ्रँकलिन या आघाडीवीराकडे होता. मॉरिसने त्याला मागून गाठले, मिठी घालून खाली खेचले, आणि सुटलेला चेंडू बुलडॉग्जच्याच टॉम बॉइडने उचलून लांबवरून असा लाथाडला की तो टप्पा घेत गोलखांबांमधून गेला. बुलडॉग्ज ८९-६७ असे जिंकले. फ्रँकलिनचा घोटा त्या दिवशी सुरुवातीलाच दुखावला होता, असे सिडनीचे पाठीराखे मला दरवेळी ऐकवतात, आणि ते खोटे नाही. मात्र त्याला गाठणारा मॉरिस त्या वेळी मोडलेल्या मणक्यांनिशी खेळत होता, हे सामन्यानंतर उघड झाले.

गुणफलकावर तो गोल बॉइडच्या नावावर आहे, आणि नियमाने तो त्याचाच आहे. मी मात्र ती चित्रफीत लावतो, तेव्हा बॉइड चेंडूपर्यंत पोहोचण्याआधीच थांबवतो.