जप्तीच्या मालाचा किल्ला

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात नॉर्फोकहून हॅम्प्टनला जाणारा महामार्ग काही अंतर पुलावरून आणि पुढे चक्क पाण्याखालच्या बोगद्यातून जातो. बोगद्याच्या तोंडाशी आमची मोटार पाऊण तास खोळंबली होती, तेव्हा भाची उजवीकडे बोट दाखवून म्हणाली, "मामा, तो बघ तुझा किल्ला." मला काहीच दिसेना, कारण सह्याद्रीची सवय असलेले डोळे किल्ला म्हटला की आधी वर बघतात, फोर्ट मन्रो मात्र अस्सल भुईकोट, पाण्याच्या पातळीशी अंग चोरून बसलेला.

सन 1819 ते 1834 या काळात बांधलेल्या या किल्ल्याभोवती रुंद खंदक असून त्यात खाडीचे पाणी खेळते. 2011 पर्यंत इथे लष्कराचा तळ होता. आता तटाच्या आतल्या जुन्या घरांत भाडेकरू राहतात, आणि तटावर तोफांच्या जागी कुत्र्यांना फिरवायला आलेली माणसे दिसतात. बांधकामावर देखरेख करणाऱ्या तरुण अभियंत्यांपैकी एक होता रॉबर्ट ली. हाच ली पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865) दक्षिणेचा, म्हणजे संघराज्यातून फुटून निघालेल्या गुलामगिरीवाल्या राज्यांचा, सेनापती झाला; पण व्हर्जिनिया फुटून निघाले तरी हा किल्ला युद्धाची चारही वर्षे संघराज्याच्या सैन्याकडेच राहिला, आणि मी ज्यासाठी इथवर आलो ती घटना त्यामुळेच घडू शकली.

तिच्याआधी एक फलक वाचायला हवा. ऑगस्ट 1619 मध्ये याच भूशिरावर 'व्हाइट लायन' नावाच्या इंग्रजी जहाजाने पोर्तुगीज गुलामवाहू गलबतावरून लुटून आणलेली विसाहून थोडी अधिक आफ्रिकी माणसे उतरवली आणि शिधासामग्रीच्या मोबदल्यात देऊन टाकली. इंग्रजांच्या व्हर्जिनियात आलेल्या आफ्रिकी लोकांची ही पहिली नोंद. 1860 पर्यंत देशातील गुलामांची संख्या सुमारे 40 लाखांवर गेली होती.

आता 23 मे 1861. त्याच दिवशी व्हर्जिनियाच्या मतदारांनी फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केले होते. समोरच्या किनाऱ्यावर, सूअल्स पॉइंटला, दक्षिणेच्या तोफखान्याचे मोर्चे बांधण्याच्या कामाला लावलेले फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तिघे गुलाम रात्री होडी वल्हवत किल्ल्यावर आले, कारण मालक त्यांना बायकामुलांपासून दूर, नॉर्थ कॅरोलायनात पाठवणार होता. मी तटावरून ते पाणी पाहिले. पलीकडे आज आरमाराची राखाडी जहाजे उभी असतात. अंतर फार नाही, पण रात्रीच्या अंधारात, पाठीवर गोळी येईल या धास्तीने वल्ही मारणाऱ्याला ते केवढे वाटले असेल!

हे युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे, गुलामगिरी मोडण्यासाठी नाही, अशीच तेव्हा लिंकन सरकारची जाहीर भूमिका होती, आणि पळालेला गुलाम मालकाला परत करण्याचा 1850 चा कायदाही लागू होता. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीने मेजर केरी पांढरे निशाण घेऊन हजर झाला. किल्ल्याचा प्रमुख बेंजामिन बटलर मूळचा वकील. त्याने युक्तिवाद केला तो असा: व्हर्जिनिया स्वतःला परके राष्ट्र म्हणवते, तर अमेरिकेचा कायदा तिला कशाला हवा? शिवाय हे तिघे शत्रूच्या मोर्च्यांवर राबत होते, म्हणजे ते युद्धात जप्त होण्याजोगा माल ठरतात. आणि असा माल कोणी परत करत नसतो.

माल! आपल्याकडच्या पंचनाम्यातला मुद्देमालच म्हणायचा. माणसाला वस्तू मानणाऱ्यांचाच तर्क त्यांच्यावर उलटवण्याची ही खेळी मला एकाच वेळी चतुर आणि लाजिरवाणी वाटते, कारण बटलरने त्यांना स्वतंत्र म्हटले नाही, फक्त परत दिले नाही. पण बातमी पसरायला तेवढे पुरले. जुलैअखेरीस त्याने युद्धमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात अशा 900 जणांचा हिशेब आहे, त्यांपैकी 225 दहा वर्षांखालची मुले. मुले काही मोर्चे बांधत नव्हती. मग ती कोणता माल? ही माणसे गुलाम आहेत की स्वतंत्र, हा प्रश्न शेवटी खुद्द बटलरनेच त्या पत्रात विचारला. ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, शत्रूच्या युद्धकामाला लावलेल्या गुलामांच्या जप्तीचा कायदा केला, 1863 मध्ये बंडखोर भागांतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा आला, सुमारे 1 लाख 80 हजार कृष्णवर्णीय संघराज्याच्या सैन्यात लढले, आणि डिसेंबर 1865 मध्ये राज्यघटनेतूनच गुलामगिरी रद्द झाली. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना; त्या लोकांत या तीन वल्हेकऱ्यांनाही मी मनोमन धरतो.

तटाच्या पोटातल्या कमानदार कोठड्यांत आता संग्रहालय आहे. दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस 1865 मध्ये पकडला गेल्यावर यांतल्याच एका कोठडीत होता, आणि सुरुवातीला काही दिवस त्याच्या पायांत बेड्या होत्या. गंमत अशी की 1860 च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी त्याच डेव्हिसला फेरीमागून फेरी मत देत राहिलेला प्रतिनिधी होता हाच बटलर. कोठडीपाशी बरीच गर्दी होती, त्या तिघांची माहिती वाचणारे मात्र मोजकेच.

परतताना हॅम्प्टन विद्यापीठातला ओक पाहिला. फांद्या इतक्या आडव्या पसरल्या आहेत की काहींची टोके जमिनीशी आली आहेत. दक्षिणेच्या सैन्याने हॅम्प्टन गाव जाळल्यावर उरलेल्या धुराड्यांना टेकून किल्ल्याच्या आश्रयाला पळून आलेल्या गुलामांनी झोपड्या बांधल्या. सरकारी कामावर ते राबत, पण मजुरी वेळेवर मिळेल याची खात्री नसे. सप्टेंबर 1861 मध्ये या झाडाखाली मेरी पीक त्यांच्या मुलांना अक्षरे शिकवू लागली आणि सहाच महिन्यांत क्षयाने गेली. पुढे 1863 मध्ये मुक्तीचा जाहीरनामा इथेच वाचला गेला असे सांगतात. तो जाहीरनामा काढून पाहिला, तर व्हर्जिनियाचे जे भाग त्यातून वगळले होते त्यांच्या यादीत एलिझाबेथ सिटी काउंटीचे नाव आहे. हॅम्प्टन तेव्हा याच काउंटीत होते.