आपला पत्ता दुसऱ्याला विचारावा लागतो

डिचोलीच्या एका काजू फॅक्टरीत गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी फोनचं काम केलं. फॅक्टरी डिचोलीला, दुकान पणजीला. दिवसभर एकमेकांना फोन: अमक्या ग्रेडचे किती डबे उरले, टेम्पो निघाला का, पावडर मसाल्याचा माल कधी येतो. फॅक्टरीत पत्र्याखाली मोबाइलला रेंज नाही, म्हणून मुकादम दर वेळी बाहेर अंगणात धावायचा. मी दोन्हीकडे एकेक छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्यावर अ‍ॅस्टेरिस्क हे फुकट मिळणारं एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर घातलं आणि इंटरनेटवरून दोन्ही टोकं जोडून दिली. टेबलावर साधे फोन. १०१ दाबला की फॅक्टरी, २०१ दाबला की दुकान. आठ दिवस सुरेख चाललं.

नवव्या दिवशी सकाळी भाईंचा, म्हणजे फॅक्टरीच्या मालकांचा, फोन. रात्री वादळ झालं होतं, चार तास वीज नव्हती. "फोन वाजता रे, पूण पणजेचें कांयच आयकूंक येना." आमचं त्यांना नीट ऐकू जातं, त्यांचं आम्हाला अक्षरही नाही.

मी साखळीहून स्कूटर काढली. फॅक्टरीत पोचलो तर भाई रिसीव्हर कानाला लावून उभे, पलीकडे दुकानातली मुलगी बोलत असणार आणि इकडे नुसती शांतता. केबल बदलली, फोन बदलला. काही फरक नाही. शेवटी पणजीच्या कॉम्प्युटरवर लांबूनच शिरलो आणि वायरवरून काय जातंय ते वायरशार्क या जाणारा-येणारा मजकूर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बघायला बसलो.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन गोष्टी वेगवेगळ्या जातात. आधी निरोप जातो: फोन येतोय, घे. तो निरोप साध्या अक्षरांत असतो, उघडून वाचता येतो. त्यात एक ओळ असते की माझ्याशी बोलायचं तर तुझा आवाज अमक्या पत्त्यावर, अमक्या पोर्टला, म्हणजे त्या पत्त्यावरच्या अमक्या नंबरच्या दाराला, पाठव. मग आवाज स्वतंत्र वाटेने सुरू होतो, छोट्या तुकड्यांत, सेकंदाला अशी ५० पॅकेट. पणजीहून ती पॅकेट बरोबर निघत होती. मोजली, ५० च्या ५०. जात होती मात्र डिचोलीच्या कालच्या पत्त्यावर. वीज गेली, राउटर बंद पडला, परत सुरू होऊन त्याने लॉगिन केलं तेव्हा इंटरनेट कंपनीने त्याला नवा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा नवा आकडी पत्ता, दिला. आणि डिचोलीचं एक्स्चेंज निरोपात जुनाच पत्ता लिहीत राहिलं, कारण पहिल्या दिवशी मी ब्राउझरमध्ये बघून तो पत्ता हाताने भरला होता. दुकानातल्या मुलीचा आवाज रात्रीत कुणा दुसऱ्याच्या झालेल्या राउटरवर जाऊन आदळत असणार, आणि तो राउटर ती पॅकेट गुपचूप टाकून देत असणार. पणजीला स्थिर पत्ता घेतला होता, म्हणून तिकडे आवाज पोचत होता आणि घंटीही वाजत होती.

भाईंनी विचारलं, "कॉम्प्युटराक आपलोच पत्तो खबर ना?" बरोबर प्रश्न आहे, आणि उत्तर खरंच "नाही" असं आहे.

आमच्या गावात वाड्यावर कुणालाही विचारा, "तळ्याकडलं घर" म्हटलं की पुरे. पण हाच पत्ता घालून मुंबईहून पार्सल मागवलं तर? तळी गावोगाव आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते असे वाड्यातले पत्ते आहेत. १९९६ साली असे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. फॅक्टरीतला कॉम्प्युटर १९२.१६८.१.१० आहे, आणि तुमच्या घरातला टीव्हीसुद्धा तोच असू शकतो. कॉम्प्युटर आपल्या नेटवर्क कार्डावरचा पत्ता वाचू शकतो, त्यापलीकडे त्याला दिसत नाही. बाहेरचा, जगाला दिसणारा पत्ता राउटरकडे असतो. पॅकेट दारातून बाहेर पडताना राउटर त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसून आपला घालतो, उत्तर आलं की वहीत बघून योग्य कॉम्प्युटरला देतो. आतल्याला याचा पत्ताच लागत नाही. वेब पेज बघायला किंवा मेल पाठवायला त्याचं काही अडतही नाही. अडतं ते निरोपाच्या आत, मजकुरात, स्वतःचा पत्ता लिहावा लागणाऱ्या सॉफ्टवेअरचं. राउटर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतलं पत्र सहसा उघडत नाही.

हे दुखणं फोनपुरतं नाही. फाइली पाठवायच्या एफटीपी या जुन्या पद्धतीचं १९८५ चं प्रमाण बघा. त्यातल्या पॅसिव्ह पद्धतीत, म्हणजे फाइलींसाठी कुठे जोडायचं ते सर्व्हर सांगतो तेव्हा, तो उत्तरात स्वल्पविराम घालून सहा आकडे पाठवतो, पहिले चार पत्त्याचे, शेवटचे दोन पोर्टचे. सर्व्हर राउटरच्या मागे असेल आणि त्याला बाहेरचा पत्ता भरून दिला नसेल तर तो १९२, १६८ असंच सांगणार. लॉगिन होतं, पण फाइलींची यादी येताना सगळं लटकतं. म्हापशाला एका छापखान्यात याच कारणाने माझा अख्खा दिवस गेला होता.

मग बाहेरचा पत्ता कळणार कसा? बाहेरच्याला विचारून. दुसरी खात्रीची वाट नाही. यासाठी २००३ साली स्टन नावाचा नियम आला. तुम्ही बाहेरच्या सर्व्हरला, बहुधा ३४७८ पोर्टवर, एक छोटं पॅकेट पाठवता, आणि तो उत्तर देतो: तुझं पॅकेट मला अमक्या पत्त्यावरून, अमक्या पोर्टवरून आलं. बस, एवढंच. व्हिडिओ कॉलची बरीच सॉफ्टवेअरं बोलणं सुरू व्हायच्या आधी हेच विचारून घेतात.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. काही राउटर जास्तच मदत करायला जायचे. पॅकेटच्या पोटात ओळखीचा पत्ता दिसला की तोही बदलून टाकायचे, म्हणजे स्टनने कष्टाने आणलेलं उत्तर दारातच खोटं व्हायचं. २००८ च्या सुधारित नियमात यावर तोड निघाली: उत्तरातला पत्ता एका ठरलेल्या आकड्याशी एक्सऑर करून, म्हणजे ओळखू येणार नाही असा वेष देऊन, पाठवायचा. राउटरला तो पत्ता वाटत नाही, तो हात लावत नाही, आत पोचल्यावर सॉफ्टवेअर वेष उतरवून घेतं. ज्यांनी हे सुचवलं त्यांनी किती राउटरांशी झगडा दिला असेल, ते मी समजू शकतो.

डिचोलीला मी दोन गोष्टी केल्या. एक छोटी स्क्रिप्ट लावली. ती दर पाच मिनिटांनी बाहेर विचारते, पत्ता बदलला असेल तर नवा लिहिते आणि कुणी बोलत नसेल तेव्हा एक्स्चेंज पुन्हा सुरू करते. दुसरं, पणजीच्या एक्स्चेंजला सांगितलं की निरोपात काय लिहिलंय त्यावर जाऊ नको, आवाज जिथून येतो तिथेच परत पाठव. भाईंनी २०१ दाबून लगेच बोलून पाहिलं आणि मला उकडलेल्या बिया फोडतात त्या टेबलाशी बसवून चहा दिला.

पण ज्या कामाने मला खरा त्रास दिला ते वाळपईच्या पुढचं एक कुळागर. माडाच्या आणि पोफळीच्या बागेत गवे उतरतात, रात्री एकटे राहणारे काका कंदील घेऊन बाहेर जातात, आणि मुलगा मस्कतला. त्याला तिकडून कॅमेरे बघायचे होते. मी कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर बसवला, राउटरवर पोर्ट उघडला, नाव आणि पत्ता जोडणारी डीडीएनएस सेवा घातली. मस्कतहून काही दिसेना. राउटरच्या पानावर पत्ता होता १००.७२ ने सुरू होणारा. बाहेरच्या साइटवर विचारला तर २०३ ने सुरू होणारा. दोन्ही एक नाहीत, म्हणजे राउटरच्याही वर कंपनीचा आणखी एक राउटर आहे आणि एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं बसवली आहेत. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली मुद्दाम याच कामासाठी राखला गेला. डीडीएनएस इमाने इतबारे मस्कतला १००.७२ चा पत्ता कळवत होती, जो कंपनीच्या भिंतीबाहेर कुठेच पोचत नाही.

पत्ते कमी आहेत हे मला मान्य आहे. ३२ बिटांत साधारण ४२९ कोटीच मावतात, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. माझी तक्रार वेगळी आहे. जोडणी देताना त्या काकांना कुणी सांगितलं नाही की तुमच्या घराला स्वतःचा पत्ता मिळणार नाही, बाहेरून आत यायची वाट नसेल. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "राउटर बंद करून चालू करा" एवढंच. अर्जावर एक ओळ छापायला काय लागतं? माणूस पैसे मोजतो तेव्हा काय मिळतंय ते त्याला कळायला हवं, आणि गव्यांच्या वाटेवर राहणाऱ्याला तर नक्कीच.

शेवटी मुंबईत स्थिर पत्त्याचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. कुळागरातून त्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने बाहेरच्या बाजूला बोगदा, म्हणजे बंदिस्त खाजगी जोडणी, काढला, दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवून तो उघडा ठेवला. आत यायचं दार नाही, तर आतूनच हात बाहेर काढून धरून ठेवायचा. मुलगा मस्कतहून मुंबईला जोडतो, मुंबईहून कुळागरात.

आता नवीन काम घेताना राउटर भिंतीवर लावायच्या आधी मी वहीत दोन आकडे लिहितो: राउटर सांगतो तो पत्ता आणि बाहेरचा सांगतो तो. जुळले तर पुढे जातो. नाही जुळले तर गिऱ्हाइकाला तिथेच बसवून सांगतो, मगच पैशाचं बोलतो.

गेल्या आठवड्यात रात्री दोनला काकांचा फोन खणखणला. मस्कतला तेव्हा साडेबारा. "बाबा, दार उघडू नका, टाकीकडे दोन आहेत."