बोनेट उघडं, राणीपूरच्या अलीकडे

सातपुड्यातल्या तोरणमाळला काय पाहिलं, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नाही. दोन दिवस नुसतं धुकं. यशवंत तलाव कुठे आहे ते एका कणीसवाल्याने हात करून दाखवलं, आणि आम्ही त्या दिशेच्या पांढऱ्या रंगाचा फोटो काढला. सीताखाईलाही तेच. कठड्याला टेकून वीस मिनिटं उभे राहिलो, भिजलो, परत आलो. मुक्कामाच्या खोलीतली गादी ओली होती का नुसती थंड होती, यावर आमचा रात्रभर वाद चालला. बस, एवढंच तोरणमाळ.

सांगायचं आहे ते त्याच्या अलीकडचं. म्हसावद सोडल्यावर, राणीपूर यायच्या आधी, एका पत्र्याच्या टपरीसमोर काढलेल्या साडेतीन तासांचं.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. नानांनी १९८६ साली धुळ्यात घेतलेली, ते गेल्यावर माझ्याकडे नाशिकला आलेली. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. उन्हाळ्यात, हिवाळ्यात गुणी. पावसाळ्यात मात्र रुसते. रस्त्यावर पाणी साचलेलं असेल आणि समोरच्या ट्रकने फवारा उडवला, की दोन मिनिटांत आचके देते आणि बंद पडते. गेली चार वर्षं हे चाललं आहे. दर वेळी टोइंग, दर वेळी गॅरेज, आणि गॅरेजवाल्याचं दर वेळी एकच निदान: कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या भागात, कचरा. कार्बोरेटर उघडायचा, धुवायचा, बसवायचा, गाडी पहिल्या चावीत सुरू. मी पैसे द्यायचे आणि वर त्याचे आभारही मानायचे.

यातली गोम मला ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी कळली, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. ती पुढे सांगते.

धुळ्याहून दोंडाईचामार्गे निघालो तेव्हा पाऊस नव्हता. सारंगखेड्याला तापी दोन्ही काठ धरून वाहत होती, चहाच्या रंगाची. (दत्तजयंतीला इथे घोड्यांचा बाजार भरतो. घोडा ओला झाला म्हणून बंद पडल्याचं ऐकिवात नाही.) शहाद्यात जेवलो, शेवभाजी इतकी तिखट की नवऱ्याने तीन ग्लास ताक प्यायलं. म्हसावदच्या पुढे सातपुडा दिसायला लागला आणि आभाळ फाटलं. एक फरशी पूल आला, पाणी जेमतेम वीतभर. मी पहिल्या गिअरमध्ये हळू नेली, पलीकडे गेल्यावर नाना करायचे तसे ब्रेकवर हलका पाय ठेवून ड्रम सुकवले आणि स्वतःवर खूश झाले. तेवढ्यात समोरून एक काळी-पिवळी जीप आली. आत किती माणसं होती मोजता आलं नाही, मागे चार लटकलेली, टपावर बकरी. तिने खड्ड्यातलं सगळं पाणी आमच्या तोंडावर मारलं. शंभर पावलांवर पद्मिनी गप्प.

जीप मात्र त्याच पाण्यातून तशीच गेली. डिझेल गाडीला ठिणगीच लागत नाही, दाबाने तापलेल्या हवेत तिचं इंधन आपोआप पेटतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी गॅरेजवाल्याचा कार्बोरेटरच धरून बसले होते.

टपरीवरच्या पोरांनी गाडी ढकलून पत्र्याखाली नेली. मग माणसं जमली. आपल्याकडे अपघाताला जमत नाहीत तेवढी उघड्या बोनेटभोवती जमतात. आणि सगळे बोलत होते माझ्या नवऱ्याशी. माझ्या नवऱ्याला गाडी चालवता येत नाही. बोनेट कुठून उघडतं हे त्याला त्या दिवशी, त्या पोरांनी उघडल्यावर समजलं. मी शेजारी चावी हातात घेऊन उभी.

“भाऊ, पेट्रोलमा पानी शे.”

“बॅटरी उतरली असेल, भाऊ.”

“कंडेन्सर बदला, भाऊ. मी सांगतो ना.”

नवरा प्रत्येकाला “हो का?” म्हणत होता. तो मुळात भिडस्त. मी म्हटलं, कार्बोरेटर उघडावा लागेल. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एका पोऱ्याने लगेच पाना काढला. माझं हे वाक्य त्या संध्याकाळचं सगळ्यात मूर्ख वाक्य होतं.

टपरीच्या आत चुलीशी एक म्हातारा बसला होता. टपरीवाल्या मावशींचा भाऊ, सगळे त्याला आप्पा म्हणत होते. पूर्वी एका जिनिंगवाल्याची फियाट (पद्मिनीचंच आधीचं नाव) चालवायचा. तो उठला नाही. आतूनच म्हणाला, “रहू द्या. अंधार पडू द्या.”

गाडी दुरुस्त करायला अंधार कशाला, हे काही मला कळेना. पण पाऊस कोसळतच होता, जाणार कुठे? चहा घेतला. भजी घेतली. मग परत चहा. सातच्या सुमारास झाडं काळी झाली तेव्हा आप्पा उठला, टपरीतला एकुलता दिवा घालवायला लावला आणि कधी नव्हे ते थेट मला म्हणाला, “ताई, चावी फिरवा.” नवऱ्याला त्याने बोनेटपाशी उभं केलं. मी स्टार्टर मारला. बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, “अगं!”

मी चावी पोऱ्याच्या हातात देऊन खाली उतरले, पुढे गेले आणि बघितलं. “आते दखा,” आप्पा म्हणाला.

इंजिनावर निळे धागे पळत होते. खरंच धागे. डिस्ट्रीब्युटरच्या, म्हणजे ठिणगीची वीज चारही प्लगना वाटणाऱ्या डबीच्या, कॅपवर मधोमध जी जाड वायर बसते, तिच्या बुडापासून एक बारीक निळी रेघ थरथरत खाली लोखंडी क्लिपपर्यंत जात होती आणि तड्‌तड् आवाज येत होता. आजूबाजूच्या वायरींनाही मधेच निळसर झाक येऊन जायची. जमलेली सगळी मंडळी गप्प झाली. दिवाळीला नसेल पाहिलं इतकं टक लावून आम्ही त्या जुन्या इंजिनाकडे पाहत होतो. ते दृश्य सुंदर होतं हे कबूल करते. आपल्याच गाडीचा रोग इतका सुंदर दिसावा, याचं वाईटही वाटलं.

कॉइल बॅटरीच्या बारा व्होल्टचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. एवढा दाब असला की वीज वाट शोधतच असते. कोरड्या दिवशी तिला प्लगची वाट सोपी पडते. कॅपवर पाण्याचा ओलसर थर आला, त्यात धूळ आणि तेल कालवलं गेलं, की बाहेरूनच गाडीच्या अंगात उतरणं तिला जास्त सोपं. प्लगपर्यंत काही पोचतच नाही. त्यात तडा असेल तर बघायलाच नको. आणि मधल्या वायरीपाशी गळती असली की एकच नाही, चारही सिलिंडर उपाशी. म्हणून गाडी लंगडत नव्हती, सरळ मरत होती.

आप्पाने दिवा लावला, बॅटरीची एक वायर काढली. मी घाईने सगळ्या प्लगच्या वायरी उपटायला गेले तर हातावर चापट मारल्यासारखं म्हणाला, “एक काढा, पुसा, बसवा. मंग दुसरी.” बरोबरच होतं. फियाटची ठिणगी एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने जाते. चारही वायरी एकदम काढून त्या अंधारात चुकीच्या बसवल्या असत्या तर आम्ही अजून तिथेच असतो. कॅप काढली. आतून बाष्प धरलेलं. बाहेरून, मधल्या बुरुजाखाली, केसाएवढा तडा आणि त्यात पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ. वीज तिथून जाऊन जाऊन कोळसा झालेला, आणि कोळशातून वीज आणखी मजेत जाते.

आता गोम. गाडी बंद पडली की टोइंगवाला यायला दीड-दोन तास. गॅरेजमध्ये रांग. गरम इंजिनावर तोपर्यंत कॅप आपोआप सुकायची. मग कार्बोरेटर धुवा, हनुमान चालिसा म्हणा, नाहीतर टायरवर नारळ फोडा, गाडी सुरू होणारच होती. चार वर्षं मी वाळण्याचे पैसे दिले.

मावशींनी कॅप फडक्यात गुंडाळून चुलीच्या कडेला, भाकरी शेकायला उभी करतात तशी ठेवली. आप्पाने ब्लेडने काळी रेघ खरवडली आणि विचारलं, “नखपालिश शे का?”

माझ्या पर्समध्ये होतं. लाल भडक, भाचीच्या लग्नातलं. ते वाळलं की त्यातून वीज जात नाही, म्हणून त्याने तड्यावर दोन थर दिले. पण ते पेटतंही पटकन, त्यामुळे पूर्ण वाळेपर्यंत गाडीत बसवायचं नाही आणि आता चुलीपाशीही न्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. तो पाऊण तास आम्ही कळण्याची भाकरी, ठेचा आणि फौजदारी डाळ खाण्यात घालवला. मावशींनी घरच्यांसाठी केलं होतं त्यातलं. रिसॉर्ट नावाच्या जागांमध्ये मला जो पाहुणचार मिळतो, त्याचं बिल येतं आणि पोट भरत नाही. इथे उलट. मी मात्र तिसरी भाकरी घेताना जरा लाजले, कारण मागे अजून दोघं जेवायची होती.

जेवता जेवता आप्पाने विचारलं, जाळीच्या मागचं रबर कुठे गेलं? पद्मिनीचा पंखा जाळीतून आलेलं पाणी ओढून थेट इंजिनावर मारतो. जुने ड्रायव्हर पावसाळ्यात तिथे आडवं रबर लावायचे, अर्ध्या उंचीपर्यंतच, म्हणजे रेडिएटरला हवाही मिळते. मला घास गिळेना. नानांनी लावलेलं होतं ते. ट्रकच्या ट्यूबचा कापलेला, तारेने बांधलेला, कळकट तुकडा. गाडीला नवा रंग दिला तेव्हा मीच काढून फेकला होता. चार वर्षांपूर्वी.

त्या रात्रीपुरता आप्पाने युरियाच्या गोणीचा तुकडा सुतळीने बांधला. गाडी पहिल्या चावीत सुरू झाली, घाटात पावसातच चढली, एकदाही कुरकुरली नाही. पैसे विचारले तर पन्नास रुपये म्हणाला. आणि ती नेलपॉलिशची बाटली, नातीसाठी. घासाघीस करायची सोय नव्हती, दिली.

परतताना धुळ्यात नवी कॅप, रोटर आणि वायरींचा संच घेतला. रात्री देवपूरच्या घरी अंगणातले दिवे घालवून, कुंड्यांवर मारायच्या फवाऱ्याने चालू इंजिनावर पाणी उडवलं. एकही निळा धागा दिसला नाही. शेजारच्या काकू गच्चीतून विचारत होत्या की गाडीला आंघोळ रात्री का.

दुसऱ्या दिवशी आग्रा रोडवरच्या एका टायरवाल्याकडे गेलो. मी म्हटलं, ट्रकच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा हवाय, पद्मिनीच्या जाळीमागे लावायला. त्याने कात्री उचलली आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, “किती रुंद कापू, भाऊ?”

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं.