ट्रॉयला गेलात तर घोडा सोडा, भिंत बघा

तुर्कस्तानातल्या ट्रॉयहून आल्यापासून भेटेल तो एकच विचारतोय, घोडा बघितला का? तोच लाकडी घोडा, ज्याच्या पोटात लपून ग्रीक सैनिक ट्रॉयमध्ये शिरले म्हणतात. बघितला. चानाक्कालेमध्ये समुद्राला लागून फिरायचा रस्ता आहे तिथे तो उभा आहे, २००४ सालच्या हॉलीवूड सिनेमासाठी बनवलेला आणि नंतर या गावाला देऊन टाकलेला. काळपट, अवाढव्य, दिसायला खरंच भारी. पण त्याच्याभोवती फोटोवाल्यांची अशी झुंबड होती की पुढे सरकता येईना, आणि मला वाईट याचं वाटलं की ज्या इलियडमुळे, म्हणजे होमर या ग्रीक कवीच्या ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्यामुळे, ट्रॉयचं नाव जगाला कळलं त्यात हा घोडा येतच नाही. इलियड ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी संपतं. घोडा येतो तो होमरच्याच ओडिसीत थोडासा आणि सविस्तर म्हणाल तर पार रोमन कवी व्हर्जिलच्या ईनिडमध्ये, म्हणजे कित्येक शतकांनंतर. आमच्या हॉटेलातला एक मोठा टूर ग्रुप सकाळी ट्रॉयला जाऊन जेवायच्या वेळेला परत पण आला होता, त्यातल्या एक काकू म्हणाल्या, "काही नाही हो तिथे, नुसते दगड." तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं.

इस्तंबूलबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, ते मी सोडून देतो. तिथून चानाक्काले बसने पाच-सहा तास. वाटेत डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीवरचा २०२२ साली सुरू झालेला पूल लागतो, त्याच्या दोन मनोऱ्यांमधलं अंतर तब्बल २०२३ मीटर, आईला झोपेतून उठवून दाखवला. शाकाहारी माणसाचे हाल होतात असं सगळे सांगतात, मला तसं अजिबात वाटलं नाही, सकाळच्या नाश्त्याला ऑलिव्ह, चीज, टोमॅटो, मध, ब्रेड एवढं देतात की दुपारपर्यंत भूक लागत नाही.

चानाक्कालेहून ट्रॉय साधारण ३० किलोमीटर. दोल्मुश जाते, म्हणजे तिथली वडापच, भरली की सुटते. तेवफिकिये नावाचं छोटं गाव आणि त्याला लागून हिसार्लिकची टेकडी. तिथे उतरल्यावर पहिलं काय जाणवतं तर वारा. होमर ट्रॉयला वाऱ्याचं शहर म्हणतो ते उगाच नाही, उन्हाळाभर उत्तरेचा वारा इथे थांबत नाही. काही अभ्यासक तर असं मानतात की या वाऱ्यापायीच ट्रॉय श्रीमंत झालं, कारण काळ्या समुद्राकडे निघालेल्या जहाजांना वारा फिरेपर्यंत इथेच थांबावं लागायचं.

टेकडीवर जुन्या शहराच्या अवशेषांवर नवं शहर, अशी एकावर एक नऊ ट्रॉय आहेत, ढोबळमानाने. आणि त्यांच्या मधोमध एक भलामोठा चर. तो हाईनरिश श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने ट्रॉय शोधताना पाडला, १८७१ ते ७३ च्या दरम्यान. टेकडीचा काही भाग ज्याच्या मालकीचा होता त्या फ्रँक कॅल्व्हर्टने त्याला ट्रॉय इथेच आहे हे पटवून दिलं, श्रेय मात्र सगळं श्लीमानने घेतलं. होमरचं ट्रॉय सगळ्यात खाली असणार असं धरून तो खोदत गेला आणि जे शोधायला आला होता त्याच काळाचे थर फोडून टाकले. १८७३ मध्ये सोनं सापडलं, त्याला त्याने हेक्टरचा बाप राजा प्रायम याचा खजिना म्हटलं, पण तो खालून दुसऱ्या थरातला, म्हणजे प्रायमच्या मानल्या जाणाऱ्या काळाच्या हजारभर वर्षं आधीचा निघाला. ते सोनं पुढे बर्लिनला गेलं, १९४५ मध्ये तिथून मॉस्कोला, आणि अजून तिथल्या पुश्किन म्युझियममध्येच आहे. त्या चराच्या काठावर उभं राहिलं की राग येतो, निदान मला तरी आला.

आता भिंतीबद्दल. पूर्वेच्या बाजूला खालून सहाव्या ट्रॉयची तटबंदी आहे. चुनखडीचे घडवलेले दगड, चुना-माती काही न घालता एकमेकांत इतके घट्ट बसवलेत की फटीत नख जाणार नाही. भिंत सरळ उभी नाहीये, खालून वर आत कललेली आहे, आणि थोड्या थोड्या अंतरावर तिच्यात एकेक उभी खाच आहे, जिथे भिंत किंचित आत सरकते. मी त्या उतरत्या दगडावर हात ठेवला आणि मला एकदम पॅट्रोक्लस आठवला. इलियडच्या सोळाव्या सर्गात तो आपला मित्र, ग्रीकांचा सगळ्यात मोठा योद्धा अकिलीस, याचं चिलखत घालून येतो आणि ट्रॉयच्या तटाच्या कोपऱ्यावर तीनदा चढायला बघतो, तिन्ही वेळेला ट्रॉयच्या बाजूचा देव अपोलो त्याच्या ढालीवर हात मारून त्याला मागे ढकलतो. उभ्या भिंतीवर कुणी असं धावत चढायला जाईल का? पण या कललेल्या भिंतीवर जाईल! नंतर अपोलोच त्याच्या पाठीमागून येऊन त्याला असा फटका देतो की शिरस्त्राण गळून पडतं, मग एक जण भाला मारतो आणि शेवटचा वार हेक्टर करतो. मरताना पॅट्रोक्लस हेक्टरला हेच सांगतो, मला आधी देवाने मारलं, तू तिसरा.

आई एका झाडाच्या सावलीत बसली होती. तिला ही गोष्ट अर्धवटच माहीत होती, म्हणून मी फोनवर इलियडचा बाविसावा सर्ग काढला आणि तिला मराठीत सांगत गेलो. हेक्टर वेशीबाहेर एकटा उभा आहे, तटावरून म्हातारे आईबाप ओरडून सांगतायत आत ये. तो येत नाही. मग पॅट्रोक्लसचा सूड घ्यायला अकिलीस समोर येतो आणि हेक्टरचा धीर सुटतो, तो पळत सुटतो, शहराभोवती तीन फेऱ्या. ट्रॉयच्या बायका शांततेच्या दिवसांत जिथे कपडे धुवायच्या त्या दगडी टाक्यांवरून ते दोघं पळत जातात, हे होमर मुद्दाम सांगतो. वर सगळे देव बसून बघतायत. देवांचा राजा झ्यूस याला हेक्टरची दया येते, याने मला किती बळी दिले म्हणतो, तरी सोन्याचा तराजू धरतो, हेक्टरचं पारडं खाली जातं आणि त्या क्षणी अपोलो त्याला सोडून निघून जातो. मग ग्रीकांच्या बाजूची देवी अथेना येते. हेक्टरचा भाऊ डेइफोबस याचं रूप घेऊन. म्हणते, चल दादा, दोघं मिळून उभे राहू. आणि हेक्टरला भरून येतं, सगळे तटाच्या आत बसलेत आणि तू एकटा माझ्यासाठी बाहेर आलास. तो भाला फेकतो, तो ढालीवरून उडून लांब पडतो. दुसरा भाला मागायला वळून बघतो तर भाऊ नाहीच. अकिलीसचा नेम चुकला होता तो भाला मात्र अथेनाने गुपचूप उचलून त्याच्या हातात परत दिलेला असतो.

आई एकदम म्हणाली, "देवी असून भावाचं सोंग घेतलं?"

मला उत्तर देता आलं नाही. ती पुढे म्हणाली, "आपल्याकडे कृष्णानेसुद्धा डाव खेळले, पण गांधारीचा शाप त्याने घेतला ना. हिला कुणी शाप दिला का?" हेक्टरच्या मृत्यूबद्दल तर नाही दिला. इलियडमधल्या देवांना जखमा होतात, डायोमिडीस हा ग्रीक योद्धा प्रेमाची देवी अफ्रोडायटीला आणि खुद्द युद्धदेव एरीसला भाल्याने जखमी करतो, पण ते ऑलिंपस या देवांच्या डोंगरावर जातात, उपचार होतात, बरे होतात. मरायचं फक्त माणसांनी. मला वाटतं म्हणूनच होमरचं सगळं मन माणसांकडे ओढलेलं आहे, हेक्टर लढाईवरून येईल म्हणून त्याची बायको अँड्रोमाखी त्याच्या अंघोळीचं पाणी तापवायला सांगते आणि तेवढ्यात तटावरून रडण्याचा आवाज येतो, ही ओळ देवांसाठी नाही लिहिलेली. मी ती सांगितल्यावर आईने डोळ्याला पदर लावला, मलाही पुढे वाचवेना, आम्ही तिथेच बराच वेळ बसलो आणि त्या वेळात तिथून कितीतरी ग्रुप आले आणि गेले.

हे सगळं खरं घडलं का, असं विचाराल तर हेक्टर-अकिलीस होऊन गेले असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या काळी आजच्या तुर्कस्तानात राज्य करणाऱ्या हिटाइट राजांच्या कागदपत्रांत, म्हणजे मातीच्या पाट्यांवर, विलुसा नावाचं राज्य येतं, तेच इलिऑस म्हणजे ट्रॉय असं बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सनाच्या सुमारे १२८० वर्षं आधीच्या एका तहात तिथल्या राजाचं नाव अलाक्सांडू आहे, आणि ग्रीक राणी हेलनला पळवून युद्धाला कारण झालेल्या हेक्टरच्या भावाचं, पॅरिसचं, दुसरं नाव अलेक्झांड्रोस! त्याच तहाला साक्षीदार असलेल्या देवांमध्ये अप्पालिउनास असं नाव वाचता येतं आणि अनेकांना तो अपोलोच वाटतो, ट्रॉयच्या बाजूने उभा राहिलेला.

गावात परत आलो तर एका घरापुढे बसलेल्या आजींनी आईचे गुडघे बघून न विचारता खुर्ची आणून ठेवली, मग चहा, मग अंजीर. पैसे घेईनात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तरी अर्धा तास गप्पा चालू होत्या.

आणि म्युझियम. गावाजवळच आहे, २०१८ साली उघडलं, बाहेरून गंजलेल्या लोखंडाचा मोठा ठोकळा, आत अप्रतिम. तिथे पॉलिक्सेनाची शवपेटी आहे, संगमरवरी, अडीच हजार वर्षांपूर्वीची, १९९४ मध्ये सापडलेली. पॉलिक्सेना ही प्रायमची मुलगी. ट्रॉय पडल्यावर अकिलीसच्या थडग्यावर तिचा बळी दिला गेला, आणि तोच प्रसंग पेटीवर कोरलाय, पुरुषांनी तिला आडवं उचलून धरलंय आणि अकिलीसचा मुलगा गळ्यावर सुरी चालवतोय. बाजूला केस उपटणाऱ्या बायका. त्यात घोडा कुठेच नाही. हॉटेलातल्या त्या काकूंना संध्याकाळी याचा फोटो दाखवला तर त्या हळहळल्या, त्यांना म्युझियम आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं, तिकीट वाचवायला टूरवाल्याने तो थांबा गाळून टाकला होता. तेव्हा टूरने जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी म्युझियमला किती वेळ देणार ते लिहून घ्या, आणि दोन तासांपेक्षा कमी म्हणाले तर सरळ दोल्मुशने जा.