नौपाड्यातली ताई आणि पोरांची जर्नलं

मी इकडे ओहायोत नक्की काय शिकते हे आईला अजून धड सांगता येत नाही. पोरं कॉलेजात कसं लिहितात ते त्यांच्यात बसून बघायचं, वह्या चाळायच्या, गप्पा मारायच्या आणि त्यावर पीएचडी करायची. आई शेजारी सांगते "ती टीचर होणारे", मी पण सोडून दिलंय.

फील्डवर्कला मात्र मी ठाणंच निवडलं. पण आधी ओहायोतल्या आयआरबीची परवानगी, माणसांवर रिसर्च करायचा तर युनिव्हर्सिटीची ही कमिटी लागतेच. किमान ५ मेंबर, त्यातला एक तरी युनिव्हर्सिटीबाहेरचा. वह्या वाचायला कसली आलीये कमिटी असं वाटेल, पण मागे टस्कीगीचं प्रकरण आहे. अलाबामात १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या शेकडो काळ्या पुरुषांना खरं न सांगता, पेनिसिलिन मिळत असूनही न देता नुसतं बघत ठेवलं. ते पेपरात आलं, १९७४ ला कायदा झाला, १९७९ ला माणसांवरच्या रिसर्चची नैतिक तत्त्वं सांगणारा बेलमाँट रिपोर्ट आला, आणि तेव्हापासून समोरच्याची संमती हा पहिला प्रश्न.

कमिटीला माझं काम सोपं वाटलं, कारण मी मराठी, ठाण्याची, म्हणजे त्यांच्या हिशोबात "आतलीच". आता काय सांगू! वर्गात गेले तर पहिला प्रश्न, ताई आडनाव काय, दुसरा, राहायला कुठे. नौपाडा, म्हणजे ठाण्यातला पांढरपेशांचा भाग, म्हटल्यावर मागच्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. वर्गात बरीच पोरं कळवा, मुंब्रा, लोकमान्यनगरची, मराठी मीडियमची, आणि मी इंग्लिश मीडियमची, वर अमेरिकेहून आलेली. ओहायोत मी फॉरेन स्टुडंट, इथे नौपाड्यातली मॅडम, आणि मी कोण वाटते त्यावर पोरं मला काय सांगणार ते ठरतं. हे थिसिसमध्ये लिहावंच लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटणार पोरं सगळ्यांशीच अशी बोलतात.

संमतीचे फॉर्म वाटले त्या दिवशी तर सर दारातूनच म्हणाले, "चला, सगळ्यांनी सही करून द्या पटकन, मॅडम लांबून आल्यात." झालं. पेनं बाहेर आली, एकाने पण वाचलं नाही. जो माणूस इंटर्नलचे मार्क देतो त्याच्यासमोर नाही कोण म्हणणार? मी सरांना चहाला पाठवलं, ते फॉर्म बाजूला टाकले, नवीन वाटले, सही करा नाहीतर कोरा ठेवा पण पाकिटात घालून चिकटवा म्हटलं, आणि रिझल्ट लागेपर्यंत कोण सामील आहे हे सरांना कळणार नाही हे दोनदा सांगितलं. तेव्हा काही पाकिटात कोरे फॉर्म निघाले, आणि खरं सांगू, मला हायसं वाटलं.

अठराच्या आतल्यांना घरच्यांची पण सही लागते. एका मुलीचे बाबा म्हणाले, "वह्या बघायला अमेरिकेतून कशाला यायला लागतं?" प्रश्न चुकीचा नाहीये.

खरी गोची जर्नलांची, म्हणजे कॉलेजात तपासायला द्यायच्या वह्यांची. सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर सिनियरच्या जर्नलचे फोटो येतात, पोरं ते उतरवतात, सर्टिफिकेटच्या पानावर सही होते, आणि हे सरांना पण माहीत असतं. ते उतरवताना पोरं काय गाळतात, कुठे स्वतःचं वाक्य घुसवतात, माझा अर्धा थिसिस त्यावरच आहे. पण हे छापलं तर पोरांची वाट लागेल. शर्ली ब्राइस हीथ या अमेरिकन संशोधक बाईंनी कॅरोलिनातल्या दोन वस्त्यांवर १९८३ मध्ये पुस्तक काढलं तेव्हा वस्त्यांना पण खोटी नावं दिली, ट्रॅक्टन आणि रोडव्हिल. ठाण्यात नुसतं नाव बदलून भागत नाही हो, "स्टेशनजवळचं कॉलेज, अमुक डिपार्टमेंट" एवढ्यावर लोक ओळखतात. म्हणून मी विषय, वर्ष सगळंच धूसर ठेवलंय.

आणि त्यातच एक मुलगी, कळव्याच्या चाळीतल्या पाण्याच्या भांडणावर तिने असला झकास निबंध लिहिलाय की मी तो अख्खा घेतलाय. तिला खोटं नाव नकोय. "ताई, लिहिलंय मी, मग नाव दुसरीचं का?" बरोबरच आहे तिचं, लिहिणारीचा हक्क आहे तो. पण जर्नलांच्या चॅप्टरमध्ये पण तीच आहे, इकडे खरं नाव टाकलं की तिकडची पण ओळखू येणार. तो चॅप्टर काढला तर थिसिस लंगडा होतो, निबंध काढला तर ती रुसणार. सध्या मी कमिटीकडे अमेंडमेंट, म्हणजे आधीच्या परवानगीत बदलाची विनंती, टाकलीये, निबंध वेगळा, तिच्या नावाने दुसरीकडे छापायचा आणि थिसिसमध्ये घ्यायचाच नाही अशी. उत्तर यायचंय, आणि तिचा मेसेज दर आठवड्याला येतो, "ताई, आलं का माझं नाव?"