ऑब्सेशन : मनाला पडलेला वेढा

परवा कॉलेज रोडवर मिसळ खाताना भाची म्हणाली, "मामा, या मिसळीचं मला ऑब्सेशनच आहे." मिसळ तिला फार आवडते, एवढेच तिला सांगायचे होते. खुद्द इंग्रजीतही हल्ली हा शब्द असा सैलपणे वापरतात. मला मात्र तो वापर खटकतो.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'ऑब्सिदेरे' आहे, म्हणजे समोर ठाण मांडून बसणे. त्यावरूनच आलेल्या 'ऑब्सेसिओ'चा अर्थ वेढा. नाशिककरांना वेढा म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. पेठ रस्त्यावरून दिसणाऱ्या रामशेजला मोगलांनी १६८२ मध्ये वेढा घातला आणि हा लहानसा किल्ला त्यानंतर कित्येक वर्षे झुंजत राहिला. वेढ्यातला किल्ला पडलेला नसतो. पण आतला पहारा, दाणागोटा, झोपसुद्धा बाहेर बसलेल्या फौजेच्या हिशेबाने ठरू लागते. पुढे इंग्रजीत बाहेरून छळणाऱ्या पिशाचाची बाधा म्हणजे ऑब्सेशन आणि आत शिरलेल्याची ती पझेशन, असा भेद केला गेला. मानसशास्त्रातला अर्थ त्यानंतरचा.

तो अर्थ मी घरात पाहिला आहे. पंचवटीत राहणारी माझी मावशी सकाळी बाहेर पडताना शेगडीची बटणे पाहायची, रेग्युलेटर हाताने चाचपायची, कुलूप लावून गल्लीच्या तोंडाशी जायची आणि परत यायची. कधीकधी चार-चार वेळा. गॅस बंद आहे हे तिला पक्के ठाऊक असे, तरीही 'चुकून राहिला असेल तर?' हा विचार हटत नसे आणि चौथ्यांदा कुलूप उघडताना तिचे डोळे भरून येत. असा नको असताना पुन्हा पुन्हा येणारा विचार म्हणजे वैद्यकातले ऑब्सेशन, आणि तो शमवण्यासाठी करावीच लागणारी कृती म्हणजे कम्पल्शन. या आजाराला मराठीत मंत्रचळ असा नेमका शब्द असूनही आम्ही तिला वर्षानुवर्षे संशयीच म्हणत राहिलो, याचे मला आजही फार वाईट वाटते.

मराठीत छटा किती आहेत पाहा. ध्यास आपण घेतो, छंद आपण जोपासतो, नाद मात्र आपल्याला लागतो. कोण कोणाच्या ताब्यात आहे, हे क्रियापदच सांगून टाकते. रोजच्या बोलण्यात ऑब्सेस्डला सर्वांत जवळचा शब्द मला 'झपाटलेला' वाटतो, कारण त्यात माणूस कर्ता राहतच नाही. मिसळीसाठी 'वेड' पुरे आहे, आणि भाचीला मी तेच सांगितले.